मदत हवी आहे: डीएससीने (डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटने) मेलवर सही होते, पण समोरच्याला ती खोटी दिसते, एन्क्रिप्शन तर होतच नाही

नमस्कार मंडळी,

मी पिंपरीत एका सीएंच्या ऑफिसात काम करते. चाकणच्या एका जर्मन कंपनीचा पगार आमच्याकडे होतो. इतकी वर्षं एक्सेलला पासवर्ड लावून फाइल मेल करायची आणि पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचा, असा कारभार होता. (हसू नका, तुमच्याकडेही हेच चालतं.) आता जर्मनीतल्या हिशोब पाहणाऱ्या बाईंनी कळवलंय की पुढच्या महिन्यापासून मेल एस/माइमने (सर्टिफिकेट वापरून मेलवर सही करण्याची आणि त्याला कुलूप लावण्याची पद्धत) सही केलेला आणि एन्क्रिप्ट केलेलाच हवा.

म्हटलं, त्यात काय! आपली क्लास ३ डीएससी यूएसबी टोकनवर आहेच, आयकराच्या साइटवर रोज चालते. पण गाडं अडलं ते अडलंच.

विंडोज ११ वर थंडरबर्ड हा मोझिलाचा मेल प्रोग्रॅम आहे. टोकन विंडोजला दिसतं, थंडरबर्डला दिसेना. सिक्युरिटी डिव्हायसेसमध्ये जाऊन टोकनच्या ड्रायव्हरसोबत आलेली पीकेसीएस ११ ची डीएलएल (प्रोग्रॅमला टोकनशी बोलता यावं म्हणून लागणारी फाइल) लोड केली, तेव्हा कुठे पिन विचारला. मग 'सही करण्याजोगं वैध सर्टिफिकेट सापडत नाही' असं यायला लागलं. सीसीएचं (डीएससी देणाऱ्यांवरची सरकारी यंत्रणा) रूट, म्हणजे सगळ्यांच्या मुळाशी असलेलं सर्टिफिकेट, आणि मधलं सर्टिफिकेट उतरवून ऑथॉरिटीजमध्ये टाकलं, तरी तेच. दोन तासांनी लक्षात आलं की रूट घेताना मी 'वेबसाइट ओळखण्यासाठी' एवढ्याच चौकटीवर टिक केली होती. खालची 'मेल वापरणारे ओळखण्यासाठी' ही चौकट टिक केली आणि सही झाली.

आता अडलेल्या गोष्टी:

बाईंच्या आउटलुकमध्ये ऑफिसच्या पत्त्यावरून गेलेला मेल 'सहीनंतर मजकूर बदलला आहे' असं दाखवतो. सर्टिफिकेट कोणी दिलं ते विश्वासार्ह नाही, अशीही तक्रार आहे. मी मजकुराला हातही लावलेला नाही.

एन्क्रिप्शनसाठी सर्टिफिकेट निवडायला गेले की यादीत काहीच नाही. बाईंनी त्यांचा सही केलेला मेल पाठवलाय, म्हणजे त्यांचं सर्टिफिकेट माझ्याकडे आलंय. तरी एन्क्रिप्ट करून पाठवताना थंडरबर्ड माझंच सर्टिफिकेट मागतं. मेल त्यांना वाचायचाय, माझं कशाला?

जाणकारांनी मार्ग दाखवावा. पगाराची तारीख जवळ आलीय.

प्रतिसाद

झिप करून पासवर्ड लावा, विषय संपवा.

प्रतिसाद

वरच्यांनी प्रश्न वाचलेला दिसत नाही.

ताई, तुमच्याकडे तीन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. मजकूर बदलल्याचं आधी बघू. तुमच्या ऑफिसच्या मेलखाली 'हा मेल गोपनीय असून चुकून मिळाल्यास नष्ट करावा' छापाचं शेपूट लागतं का? ते सर्व्हर लावत असेल तर सही तुमच्या यंत्रावर झाल्यानंतर मजकुरात भर पडते, आणि एक अक्षर वाढलं तरी सही मोडते. सर्व्हर सांभाळणाऱ्याला सही केलेले मेल वगळायला सांगा.

विश्वासाचं दुखणं मात्र तुमच्या हातात नाही. तुम्ही रूट टाकलं ते तुमच्या थंडरबर्डमध्ये. बाईंच्या यंत्राला सीसीए कोण हे कसं कळणार? डीएससीला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मुळे भारतात मान आहे. मेल प्रोग्रॅम कायदा बघत नाही, स्वतःची रूटची यादी बघतो. मोझिलाच्या यादीत आपलं सीसीए नाहीच, म्हणून तर तुम्हाला ते हाताने टाकावं लागलं. मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, पण जुलै २०१४ मध्ये एनआयसीच्या (तेव्हा सीसीएच्या परवान्यावर सर्टिफिकेटं देणारं सरकारी केंद्र) नावाने गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघालेली सापडली आणि क्रोमने सीसीएचा विश्वास मोजक्या सात डोमेनपुरता आवळला. बाईंना 'आमचं रूट तुमच्याकडे टाका' म्हणू नका. कोणतीही शहाणी आयटी टीम ऐकणार नाही. ऐकूही नये.

एन्क्रिप्शनचं उत्तर तुमच्या टोकनमध्येच आहे. सर्टिफिकेट उघडून 'की यूसेज' (त्यातली की, म्हणजे किल्ली, कशासाठी वापरता येते ती नोंद) वाचा. तिथे डिजिटल सिग्नेचर आणि नॉन रेप्युडिएशन एवढंच असेल. एन्क्रिप्शनला 'की एन्सायफरमेंट' ही नोंद लागते. आपल्याकडे ही दोन सर्टिफिकेटं वेगळी मिळतात; ई-टेंडरवाले दोन्ही घेतात, तुमच्याकडे सहीचंच असणार. आणि थंडरबर्ड तुमचं सर्टिफिकेट मागतं ते सेंटमधल्या प्रतीसाठी. नाहीतर स्वतःच पाठवलेला मेल तुम्हालाच वाचता येणार नाही.

तेव्हा डीएससी आयकरालाच ठेवा आणि मेलसाठी निराळं एस/माइम सर्टिफिकेट घ्या. देणारी सीए (तुमचे साहेब नव्हेत, सर्टिफिकेट देणारी संस्था) मोझिला आणि मायक्रोसॉफ्ट दोघांच्याही यादीत हवी. सर्टिफिकेटमधला ईमेल पत्ता पाठवण्याच्या पत्त्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. खासगी की स्वतःच्या यंत्रावर तयार करा, सीएसआर (सर्टिफिकेटसाठीचा अर्ज) तेवढा पाठवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

शेपूट होतं! सर्व्हरवाल्याने वगळल्यावर 'मजकूर बदलला' गेलं. की यूसेजही अगदी तुम्ही म्हणालात तसंच निघालं.

नवं सर्टिफिकेट घेतलं, ओपनएसएसएल या प्रोग्रॅमने पी१२ फाइल (सर्टिफिकेट आणि खासगी की एकत्र) बांधली. माझ्या थंडरबर्डमध्ये झकास चाललं. तीच फाइल साहेबांच्या जुन्या मॅकवर टाकते तर त्यातलं कीचेन (सर्टिफिकेटं, पासवर्ड ठेवणारा प्रोग्रॅम) म्हणतं पासवर्ड चुकीचा. पासवर्ड बदलून पाहिला, साधा १२३४ ठेवून पाहिला. साहेब म्हणतात, तुझं टायपिंग चुकतंय.

प्रतिसाद

टायपिंग बरोबर आहे. ओपनएसएसएल ३ पासून पी१२ डीफॉल्टने एईएस-२५६ या एन्क्रिप्शनच्या पद्धतीने बांधली जाते. जुन्या मॅकला ते समजत नाही, पण 'समजलं नाही' न म्हणता तो पासवर्डवर ढकलतो. त्याच आज्ञेत 'लेगसी' हा पर्याय जोडून फाइल पुन्हा बांधा. जुनी पद्धत कच्ची आहे, तेव्हा मॅकवर चढवून झाल्यावर ती फाइल पुसून टाका, आणि १२३४ नको हो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

चाललं! साहेबांनी 'मी म्हणत होतो ना' म्हणून श्रेय घेतलं, ते असो. बाईंचं उत्तर एन्क्रिप्ट होऊन आलं आणि उघडलंही.

आता शेवटची शंका. मुदत संपल्यावर नवं सर्टिफिकेट घेतलं की जुनं काढून टाकायचं ना? डीएससी देणारा तर दर वेळी टोकन फॉरमॅट करून त्यावरच नवी चढवतो.

प्रतिसाद

अजिबात नाही! सहीच्या डीएससीला ते चालून जातं. पण आजचे मेल आजच्या कीनेच उघडतात. ती गेली तर या वर्षीची सगळी पगारपत्रकं कायमची बंद. मुदत संपली तरी जुनं थंडरबर्डमध्ये राहू द्या, आणि पी१२ ची एक प्रत भक्कम पासवर्ड लावून पेनड्राइव्हवर कपाटात ठेवा. पासवर्ड कागदावर लिहून दुसऱ्या कपाटात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

ऑफिसात कपाट एकच आहे. पेनड्राइव्ह साहेबांच्या घरी पाठवते.