मदत हवी आहे: डांबराचा साबण पातेल्यातच बसला!

मी सध्या फिनलंडमध्ये राहते. इथे सौनात (वाफेच्या न्हाणीत) पाइनच्या डांबराचा साबण वापरायची जुनी रीत आहे. वास अगदी चुलीच्या धुराचा, मला तर गावच्या न्हाणीघराची आठवण येते. म्हटलं, कोल्ड प्रोसेसने, म्हणजे साबण न शिजवता, घरीच करून बघू. साधा खोबरेल-ऑलिव्हचा साबण मी तीन-चारदा केलाय, पण हे प्रकरण वेगळंच निघालं.

प्रमाण असं: ऑलिव्ह तेल ३०० ग्रॅम, खोबरेल १५०, पाइन टार (तेच डांबर) ५०, कॉस्टिक सोडा ६४.५, पाणी १५०. टार आधीच तेलात मिसळलं होतं. सोड्याचं पाणी आणि तेलं दोन्ही ४५ अंशांवर असताना एकत्र केली, हँड ब्लेंडर जेमतेम चार वेळा फिरवला आणि अर्ध्या मिनिटात गार पिठलं! ओतायचा प्रश्नच नाही, उलथन्याने साच्यात थापला. कापल्यावर आत भोकंच भोकं.

टारने साबण लवकर आळतो हे वाचलं होतं, पण इतका? पुढच्या वेळी ३० अंशांवर, ब्लेंडर न लावता नुसत्या रवीने घुसळलं तर चालेल का? की टार सगळ्यात शेवटी घालावं? सोडा मी फक्त तेलांवर, ५ टक्के तेल साबण न होता मोकळं राहील असा काढला, टार हिशेबात धरलं नाही. तुम्ही धरता का?

आणि हो, त्या पातेल्याचा वास कशाने जातो? चिंच लावून झाली, राख इथे मिळत नाही.