११ लाखांची गाडी, पण सुटे भाग ४५ लाखांच्या गाडीचे

वाटसरू_नाशिक

माझा धाकटा भाऊ दोन महिने एका गाडीच्या मागे लागलाय. २०१४ची जर्मन डिझेल सेडान. तेव्हा रस्त्यावर यायला ४५ लाखांच्या आसपास पडलेली, आज ११ लाख मागतायत. मीटरवर ७४ हजार किलोमीटर, आत बेज लेदर, वर सनरूफ. तो म्हणतो, "दादा, एवढ्या पैशांत नवी घेतली तर चार मीटरच्या आतली छोटी येईल. त्यापेक्षा ही." मी म्हणतो, घेऊ नकोस. घरात रोज हाच विषय आहे, म्हणून इथे मांडतो.

मी अशी गाडी तीन वर्षं वापरली आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. सात वर्षं जुनी गाडी १३.५ लाखांना घेतली आणि ४१ हजार किलोमीटर चालवली. बिलं जपून ठेवली आहेत, त्यातूनच लिहितोय.

गिअरबॉक्सच्या आतला कंट्रोल युनिटचा भाग: २ लाख १५ हजार. पुढचे लोअर आर्म (चाक धरणारे दांडे), बुश आणि दोन शॉकअप: १ लाख १८ हजार. चार रनफ्लॅट टायर: ८४ हजार. पावसाळ्यात सनरूफच्या निचऱ्याची नळी तुंबली, पाणी गालिच्याखाली साचलं आणि तिथलं कॉम्प्युटर मॉड्यूल गेलं, ते कोडिंगसकट ९६ हजार. बॅटरी २४ हजार. कूलंटची टाकी आणि होज २५ हजार. बेरीज ५ लाख ६२ हजार, म्हणजे किलोमीटरला पावणेचौदा रुपये. नेहमीची सर्व्हिसिंग, विमा आणि डिझेल यात धरलेलं नाही. गाडी शेवटी ६ लाख ४० हजारांना गेली.

गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ११ लाखांना घेतली तरी लोअर आर्म ४५ लाखांच्या गाडीचाच बसवावा लागतो. विकणारा हे सांगत नाही, आणि घेणाऱ्याला तेव्हा ऐकायचं नसतं. मला नव्हतं ऐकायचं.

सांगलीकर

तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटलं, पण त्यावरून सगळ्यांना "घेऊ नका" सांगणं मला पटत नाही.

माझ्याकडे २०१३ची आहे. सात वर्षांपूर्वी ४४ हजार किलोमीटरवर घेतली, आज १ लाख ४२ हजार झालेत. सर्व्हिसिंग धरून एकूण ६ लाख ९० हजार खर्च झाला, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. ९८ हजार किलोमीटरमध्ये एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. फरक कुठे पडला? गाडीच्या पडद्यावर २०-२५ हजार किलोमीटरनी ऑइल बदला असं येतं, मी १० हजारांना बदलतो. गिअरबॉक्सचं ऑइल "आयुष्यभराचं" म्हणतात, मी ८० हजारांना बदलून घेतलं. आपल्याकडची धूळ, उन्हाळा आणि सिग्नलची रांग यांत जे आयुष्यभराचं असतं ते गिअरबॉक्सच्याच आयुष्यभराचं ठरतं.

शिवाय कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जायचं असा नियम नाही. लेम्फोर्डर, साक्स, मान, माले, बॉश हेच लोक कंपनीला माल देतात. तोच लोअर आर्म लेम्फोर्डरच्या डब्यातून घेतला तर खूप स्वस्त पडतो.

वाटसरू_नाशिक

सांगलीकर, तुम्ही ४४ हजारांवर, पहिल्या मालकाकडून, सर्व्हिसच्या पूर्ण फाईलसकट घेतली ना? भावाला मिळतेय ती तिसऱ्या मालकाची आहे. फाईल "घरी आहे, शोधून देतो" असं उत्तर आहे. बाजारात ११ लाखांना येणाऱ्या बहुतेक गाड्या अशाच असतात. तुमच्यासारखी गाडी ज्याच्याकडे आहे तो ती विकत नाही, विकली तर ओळखीतच जाते.

अभियंता_रत्नागिरी

मी मूळ लेखाच्या बाजूने. सगळे हिशोब शहरातले चाललेत, आमच्याकडची स्थिती बघा. स्कॅनर लावून या गाडीच्या कॉम्प्युटरची भाषा वाचणारा माणूस रत्नागिरीत शोधावा लागतो. बिघाडाचा दिवा लागला की टो करून कोल्हापूर किंवा पुणे. टायरला स्टेपनी नाही. रनफ्लॅट हवेशिवाय ८० किलोमीटर ८०च्या वेगाने चालतो असं पुस्तकात लिहिलंय, पण बाजू फाटली तर तो एक किलोमीटरही चालत नाही, आणि घाटातल्या खड्ड्यांत बाजूच फाटते. त्या मापाचा टायर इथल्या दुकानात नसतो. माझ्या दिरांची गाडी आंब्याच्या ऐन हंगामात टायरसाठी चार दिवस उभी होती. नाशिक ते मुंबई करणाऱ्याला हे कळणार नाही.

ठाणेकर८४

प्रत्येक गोष्ट किलोमीटरला किती पडली यावर मोजायची नसते हो. माझे वडील एसटीत वाहक होते. मी त्यांना मागच्या सीटवर बसवून शिर्डीला घेऊन गेलो, तेव्हा ते सगळा रस्ता दाराच्या कडेवरून हात फिरवत होते. ती गाडीही सेकंडहँडच होती. दोन वर्षांत सव्वातीन लाख घातले तिच्यात आणि मला त्यातल्या एका रुपयाचाही पश्चात्ताप नाही. भावाला घेऊ द्या.

वाटसरू_नाशिक

ठाणेकर, वाचून गलबललो. पण तुमच्याकडे ते सव्वातीन लाख होते. माझा भाऊ ११ पैकी ७ लाख कर्ज काढणार आहे, जुन्या गाडीच्या व्याजाने. पहिल्याच वर्षी गिअरबॉक्स गेला तर हप्ताही चालू आणि गाडीही दारात उभी. माझा विरोध त्याला आहे.

पाना_आणि_स्कॅनर (चिंचवड)

गेली १९ वर्षं याच गाड्यांवर काम करतोय. दोन्ही बाजूंचं अर्धं खरं आहे. "जर्मन गाडी" असा एकच प्रकार नसतो, म्हणून जरा खोलात लिहितो.

बीएमडब्ल्यूचं एन४७ डिझेल इंजिन, विशेषतः २००७ ते २०११च्या दरम्यानचं. याची टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी साखळी) इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेन आणि तिचे प्लास्टिक गाइड झिजले की मागून खरखर येते. चेनची किंमत फार नाही, पण तिथवर पोचायला बहुतेक वेळा इंजिन उतरवावं लागतं, म्हणून लेबरसकट दीड-दोन लाखांवर जातं. आवाज ऐकूनही चालवत राहिलात आणि चेन तुटली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच जातं. २०१४च्या गाडीत सुधारलेले भाग असतात, तरी कान लावायचाच.

मर्सिडीजच्या एअरमॅटिक गाड्यांत स्प्रिंगच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या असतात. सात-आठ वर्षांनी रबराला बारीक चिरा पडतात आणि गाडी रात्रभरात एका कोपऱ्यावर बसते. सकाळी चालू केली की वर येते, म्हणून मालक दुर्लक्ष करतो. हवा गळतेय म्हणून कंप्रेसर सारखा चालत राहतो आणि जळतो. वेळेवर आला असता तर एका पिशवीवर भागलं असतं, आता कंप्रेसरही गेला. असे महिन्याला दोन तरी येतात माझ्याकडे.

ऑडीच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या ए४, ए६मध्ये मल्टिट्रॉनिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो. त्याचं ऑइल ६० हजारांना बदलायचं असतं, आणि तिसऱ्या मालकाच्या गाडीत ते बदललेलं मी क्वचित पाहिलंय. सिग्नलवरून निघताना हलका झटका बसला की समजा.

झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स मात्र दणकट आहे. गाडीवाल्या कंपन्या "आयुष्यभराचं ऑइल" म्हणतात, पण बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. सांगलीकरांनी केलं ते बरोबरच. खालचं प्लास्टिकचं पॅन आणि फिल्टर एकत्रच येतं, त्यामुळे ते काम माझ्याकडे २५-३५ हजारांत होतं. न करणाऱ्यांकडून मी दोन लाख घेतलेत.

आणि डिझेल शहरात चार-पाच किलोमीटरच चालवणार असाल तर घेऊच नका. धुराच्या नळीतला डीपीएफ फिल्टर काजळी जाळून साफ होतो. त्याला ६०० अंशांच्या आसपास उष्णता आणि सलग मोकळा रस्ता लागतो. शाळा-ऑफिस-भाजी अशा फेऱ्यांत काजळी साचतच राहते, जळायचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि पुढे टर्बोलाही त्रास.

बीएमडब्ल्यू डिझेल घेणाऱ्यांनी अजून एक बघा. २०१८मध्ये दक्षिण कोरियात त्यांच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या. ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत जाणारा धूर गार करणारा भाग) कूलंट गळून काजळीत मिसळायचं आणि तापलं की पेट घ्यायचं. त्यानंतर जगभरात लाखो गाड्या मागे बोलावल्या गेल्या. आपल्या चासी नंबरवर काही काम बाकी आहे का, हे सर्व्हिस सेंटरला विचारता येतं. विचारत कोणी नाही.

नवा_चालक

म्हणजे सरळ पेट्रोल घ्यावी का?

पाना_आणि_स्कॅनर (चिंचवड)

शहरातल्या शहरात असेल तर पेट्रोल. पण तिथेही इलेक्ट्रिक वॉटर पंप, व्हॉल्व्ह कव्हरची गळती, ऑइल फिल्टरच्या हाउसिंगचं गॅसकेट ही कामं निघतातच. प्लास्टिक आणि रबर उष्णतेने कडक होतं, त्याला पेट्रोल-डिझेल सारखंच.

घोडबंदर_रोज

दिल्लीच्या गाड्यांबद्दल कुणी बोललं नाही. हरित लवादाचा २०१५चा आदेश आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा, यांनी राजधानी परिसरात १० वर्षांवरचं डिझेल अडचणीत आलं. म्हणून तिथल्या गाड्या ९-१० वर्षांच्या होत आल्या की पडेल भावात इकडे यायला लागल्या. किंमत बघून हुरळू नका. एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर, आणि तोवर कागद एजंटकडे. माझ्या मित्राची अशी गाडी सात महिने परराज्याच्या नंबरवर फिरत होती, दर नाक्यावर थांबवायचे. भावाची गाडी एमएच आहे का?

वाटसरू_नाशिक

एमएच१२. कागद पाहिले, बरोबर आहेत.

सांगलीकर

एक मुद्दा राहिला. ४५ लाखांची नवी घेणाऱ्याचे पहिल्या पाच वर्षांत २५ लाख उडतात. ते नुकसान दुसऱ्याने सोसलंय, आपण फक्त दुरुस्ती सोसतो. वर्षाला लाखभर गेले तरी आपण पुढेच आहोत.

वाटसरू_नाशिक

नाही, इथेच सगळ्यांची गफलत होते. माझा भाऊ ४५ लाखांची नवी कधीच घेणार नव्हता, मग ते २५ लाख वाचले कोणाचे? त्याची तुलना ११ लाखांच्या नव्या गाडीशी करा. तिला वॉरंटी असते, सर्व्हिसिंग सात-आठ हजारांत होतं आणि पाच वर्षांनी निम्मे पैसे तरी हातात येतात. जुनी जर्मन गाडी परवडते ती ज्याला नवीही ओढाताण करून घेता आली असती त्यालाच. तो हौसेने जुनी घेतो आणि मोठं बिल आलं तरी त्याची झोप उडत नाही.

सांगलीकर

हे मात्र मान्य करावं लागेल. मी घेतली तेव्हा द्राक्षबाग फिटलेली होती, डोक्यावर कर्ज नव्हतं. तरी मी सरसकट "नको" म्हणणार नाही. इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी तीन लाख मुदत ठेवीत बाजूला टाका आणि मग घ्या. ते जमत नसेल तर थांबा.

अभियंता_रत्नागिरी

आणि विम्यात इंजिन प्रोटेक्ट घ्याच. पाण्यातून जाताना हवेच्या वाटेने पाणी आत गेलं की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे बहुधा मिळत नाही. पाण्यात बंद पडली तर परत चालू करू नका. अर्धं नुकसान त्या दुसऱ्या सेल्फनेच होतं.

पाना_आणि_स्कॅनर (चिंचवड)

वाटसरू, भावाला एवढं करायला सांगा. सकाळी इंजिन गार असताना जायचं, आणि आधी फोन करून सांगायचं की चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून बघायचं, कोमट असेल तर परत यायचं. सनरूफ उघडून कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतायचं, ते चाकाजवळ खाली पडलं पाहिजे. पुढचे गालिचे उचलून हात लावायचा. मग पूर्ण स्कॅन. किलोमीटरचा आकडा फक्त मीटरमध्ये नसतो, इतर कॉम्प्युटरमध्येही नोंदलेला असतो. मीटर मागे फिरवणारे ते सगळे बदलत नाहीत. तपासणीला चार-पाच हजार जातील, ते वाचवू नका.

वाटसरू_नाशिक (नऊ दिवसांनी)

शनिवारी आम्ही दोघं गेलो होतो. इंजिन गार होतं. चालू केल्यावर आवाज साफ, सनरूफचं पाणी खाली आलं. मला वाटलं, मीच चुकलो की काय. मग स्कॅनर लावला. मीटरवर ७४ हजार, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये १ लाख ३१ हजार. विकणाऱ्याने "मागच्या मालकाने केलं असेल" म्हटलं आणि तिथेच ५० हजार कमी केले. भाऊ एक शब्द बोलला नाही, दिलेलं टोकन परत मागितलं. अजून मिळालेलं नाही.

येताना गाडीत म्हणाला, घेणार तर आहेच, पण कर्ज तीन लाखांवर काढणार नाही. पुण्यात एका डॉक्टरांची पहिल्या मालकीची आहे, ९६ हजार झालेत, साडेबारा मागतायत, फाईल आहे म्हणे. माझा विरोध आता निम्मा उरलाय.

सांगलीकर

फाईलमध्ये गिअरबॉक्स ऑइलचं बिल आहे?

वाटसरू_नाशिक

काल फोटो मागवले. सर्व्हिसची सगळी आहेत, ते एक नाही.

पाना_आणि_स्कॅनर (चिंचवड)

मग घ्यायच्या आधी माझ्याकडे आणा. चालवून आणि स्कॅन करून बघू. बॉक्स ठीक निघाला तर ऑइल, पॅन आणि फिल्टरचे ३५ हजार साडेबारातून कमी करायला सांगा. डॉक्टर नाही म्हणाले तरी तेवढे तुम्ही वेगळे काढून ठेवा, आणि ताब्यात आल्यावर पहिलं काम तेच.