‘ऋण सोड’ : माफी, क्षमा, मुक्ती की नुसतं सोडणं?

दुकानवाली (यवतमाळ जिल्हा)

गावात आमचं किराण्याचं दुकान आहे आणि घर ख्रिस्ती. मागच्या महिन्यात सासूबाई गेल्या, तेव्हा अंत्यविधीला अर्धं गाव आलं होतं. पाळकांनी प्रभूची प्रार्थना म्हणवून घेतली. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ झालं आणि लगेच पुढची ओळ, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’. चार दिवसांनी एक जुनं गिऱ्हाईक दुकानात आलं. त्याची उधारी दोन हंगामांपासून वहीत आहे. म्हणाला, “काव ताई, तुमच्या प्रार्थनेत कर्जमाफी हाये काय?”

मी हसले, तो हसला नाही. मी सांगितलं, भाऊ, ते पापाच्या क्षमेबद्दल आहे. तर म्हणे, “मंग पाप म्हना ना. ऋण काऊन म्हन्ता?”

मला उत्तर आलं नाही. लहानपणापासून पाठ असलेली ओळ, पण ‘ऋण’ आणि ‘सोड’ हे दोन शब्द वेगळे काढून कधी बघितलेच नव्हते. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. कृपया शब्द सांगा, उपदेश नको. तो रविवारी मिळतो.

निवृत्त मास्तर

तुमच्या गिऱ्हाइकाने बरोबर जागी बोट ठेवलं आहे. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात मूळ ग्रीक शब्द ‘ओफेइलेमाता’ आहे, म्हणजे सरळसरळ देणी, थकबाकी. लूकच्या शुभवर्तमानात तीच प्रार्थना येते, तिथे पहिल्या अर्ध्यात ‘पापे’ असा शब्द आहे, पण दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा देणेकरीच. येशूची बोलभाषा अरामी, आणि त्या भाषेत ‘होबा’ हा एकच शब्द कर्जालाही चालतो आणि पापालाही. त्यामुळे ऐकणाऱ्या शेतकऱ्या-कोळ्याला दोन्ही अर्थ एकदम ऐकू येत असणार. मराठीत तसा दुहेरी अर्थाचा शब्द नाही, अनुवादकाला एक बाजू निवडावी लागते. आपल्याकडे ऋण निवडलं.

आणि क्रियापद तर फारच नेमकं आहे. ग्रीक ‘अफिएमी’ म्हणजे हातातून सोडणे, जाऊ देणे. ‘क्षमा’ ही ‘क्षम्’ धातूवरून, म्हणजे सहन करणे. म्हणून पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. क्षमा मनात होते. सोडायला मात्र आधी हातात काहीतरी धरलेलं असावं लागतं: दावं, वही, सातबारा.

काळही बघा. ‘सोडतो’ नाही, ‘सोडले आहे’. मत्तयाच्या जुन्या हस्तलिखितांत तिथे झालेल्या क्रियेचाच काळ आहे. म्हणणाऱ्याने आधी वही उघडून यायचं, मग मागायचं.

पऱ्हाटी

मास्तर, मी ख्रिस्ती नाही, पण ‘माफी’ या शब्दाशी आमचं जुनं भांडण आहे. माझा बाप म्हणायचा, “माफी तं चोरानं मांगाव. म्या काय चोरी केली काय?” कापसाला भाव नाही, पाऊस नाही, बँकेचं देणं राहिलं, यात गुन्हा कोणता? शेतकरी संघटनेचे शरद जोशी ‘कर्जमाफी’ नव्हे ‘कर्जमुक्ती’ म्हणा, असा आग्रह धरत ते याचसाठी. पुढे सरकारनेही शब्द बदलला. 2017 च्या योजनेच्या नावात ‘सन्मान’ आला आणि 2019 ची तर नावानेच ‘शेतकरी कर्जमुक्ती योजना’ झाली. आमच्या इकडे सभेत मात्र दोन्ही शब्द बाजूला पडतात आणि घोषणा एकच असते, सातबारा कोरा करा.

‘सोडणे’ मला चालेल. त्यात घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

निवृत्त मास्तर

‘माफ’वर थोडा अन्याय होतोय. हा अरबी शब्द, मुळाचा एक अर्थ पुसून टाकणे. जुन्या महसुली भाषेत माफीची जमीन म्हणजे सारा न लागणारी जमीन. तिथे गुन्हा कुठेच नव्हता, उलट मानच होता. गुन्हा चिकटला तो ‘माफी मागणे’ या प्रयोगातून. आणि दारावर आलेल्या भिकाऱ्याला आपण काय म्हणतो? “माफ करा बाबा, पुढे जा.” म्हणजे काही न देण्यालाही माफच. शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे.

पऱ्हाटी

मूळ काही असो, आता माफी म्हटलं की हात जोडणं आलं.

धुऱ्यावरचा

इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पुतण्याने मला ही प्रार्थना इंग्रजीत ऐकवली. त्यात कर्ज नाहीच, ‘ट्रेसपास’ आहे. विल्यम टिंडेलने 1526 च्या अनुवादात तो शब्द घातला आणि इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात तोच रुजला. 1611 च्या अधिकृत बायबलात मत्तयाच्या जागी पुन्हा कर्ज आलं, पण लोकांच्या तोंडी ट्रेसपास राहिला तो राहिलाच. ट्रेसपास म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत घुसणे. आपल्या भाषेत सांगायचं तर धुरा (शेताचा बांध) कोरणे!

आता आमच्या गावातले तंटे मोजा. निम्मे उधारीचे, निम्मे धुऱ्याचे. शेजारी दरवर्षी नांगराचं एक तास माझ्या बाजूला सरकवतो, वीसेक वर्षांत धुऱ्यावरची बाभूळ त्याच्या वावरात गेली. मराठीत म्हटलं तर सावकाराला अडचण, इंग्रजीत म्हटलं तर ज्याचा धुरा कोरला त्याला. दोघांनी सोयीची भाषा निवडावी.

(मोजणी आणली होती. बाभूळ अजून तिकडेच आहे.)

संत्रानगरी

‘ऋणी’वर कोणीच बोललं नाही. बायबलमध्ये ऋणी म्हणजे ज्याच्याकडून येणं आहे तो. पण आज कोणी “मी आपला ऋणी आहे” म्हणालं तर आपण हिशेब काढत नाही, हार घालतो. आभारप्रदर्शनात हमखास येणारं वाक्य आठवा: आभार मानून मोकळा होण्यापेक्षा आपल्या ऋणात राहणंच पसंत करीन. प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्रात याच्या उलट सांगतो, एकमेकांवर प्रीती करण्याशिवाय कोणाच्या ऋणात राहू नका. एक देणं तेवढं कधीच फिटू नये, बाकी सगळी चुकती करा. आमच्या नगरसेवकांना हे वचन पाठवायला हवं.

दुकानवाली

सगळ्यांचे आभार. (ऋणात राहत नाही.)

शब्द कळले, आता अडचण वाढली. मला ठोक व्यापारी सोडत नाही, दर पंधरवड्याला त्याचा माणूस दारात. मी किती जणांना सोडायचं? आणि ज्याच्याकडे नवी मोटारसायकल आहे, तोही “सोयाबीन निघालं की देतो” म्हणतो.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दाखला पाळक नेहमी सांगतात. एका चाकराला धन्याने दहा हजार तालान्त सोडले आणि बाहेर पडताच त्याने सोबत्याचा गळा धरला, शंभर दिनारांसाठी. आमच्याकडे ते शंभर दिनार ‘किरकोळ’ म्हणून सांगितले जातात. पण दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. शंभर दिवसांची रोजी किरकोळ कशी? कापूस वेचणाऱ्या बाईला विचारा. दहा हजार तालान्त ही रक्कम मात्र सहा कोटी दिवसांच्या मजुरीची होते, म्हणजे फेडता येण्याच्या पलीकडची. मला दाखल्यात पहिल्यांदाच दिसलं की लहान कर्जही खरोखरचं कर्ज आहे, आणि ते सोडणाऱ्याचं खरोखर जातं.

पऱ्हाटी

ताई, मोटारसायकलवाल्याला सोडलं तर ज्याने पोराचं दप्तर अडवून तुमचे पैसे आधी दिले, तो येडा ठरला. ऐपत नाही त्याला सोडा. ऐपत असून देत नाही त्याच्या दारी जा.

निवृत्त मास्तर

इथे ‘सोडणे’ आणि ‘सोडून देणे’ वेगळे करावे लागतील. वसूल होत नाही म्हणून कंटाळून नाद सोडला, ते ‘सोडून दिलं’. मागण्याचा हक्क शाबूत असताना हात उघडला, ते ‘सोडलं’. प्रार्थनेत दुसरं आहे. आणि धुऱ्यावरच्यांच्या बाभळीचं सांगायचं तर, ती सोडायला त्यांना दुसऱ्या कोणी सांगू नये. ज्याचं गेलं त्यानेच म्हणायचं वाक्य आहे ते.

धुऱ्यावरचा

मास्तर, बाभूळ सोडली नाही. पण औंदा पोळ्याला त्याच्या बैलांना नैवेद्य दिला. याला कोणता शब्द?

दुकानवाली

काल सासऱ्यांच्या काळच्या वह्या काढल्या. ते जाऊन बारा वर्षं झाली. काही पानांवर नावाखाली उधारीची रक्कम आहे, जमेच्या बाजूला एक पैसाही नाही, आणि तरी पानभर आडवी रेघ ओढून खाली त्यांच्या अक्षरात लिहिलंय, ‘भरून पावलो’. पावतीवर लिहितात तेच, पूर्ण रक्कम मिळाली या अर्थाचं.

पण भरून पावलो असं आपण वैतागूनही म्हणतो, की बस झालं बाबा, पुरे. अशी सात पानं मोजली. सासरे थट्टेखोर होते, त्यामुळे कोणत्या अर्थाने लिहिलं ते सांगता येत नाही. सासूबाईंना विचारता आलं असतं.