बिनफीच्या खासगी शाळा: गरीब वस्तीला आधार की निवडक मुलांची सुटका?

शिंपला: अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत काही खासगी शाळा फी न घेता चालतात. १९७१ साली जेझुइटांनी (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला नेटिव्हिटी मिशन सेंटर काढलं. छोटे वर्ग, संध्याकाळी पुन्हा अभ्यासाला बसवणं, उन्हाळ्यात शिबिर. पुढे हाच नमुना इतर शहरांनी उचलला. सरकारी शाळा सुधारेपर्यंत सहावीतलं पोर काय सहावीतच बसून राहणार? विरोधकांनी आधी याचं उत्तर द्यावं.

खडूफळा: देतो की. शाळा शोधणारे, अर्ज भरणारे, मुलाखतीला जाणारे पालक मुळातच धडपडे असतात. त्यांची मुलं उचलायची आणि मग निकाल मिरवायचा! मधेच शाळा सोडून गेलेली पोरं त्या निकालात धरली का, हे कुणी विचारतच नाही.

शिंपला: म्हणजे धडपड केली हाच गुन्हा? पैसेवाले चांगली शाळा बघून घर बदलतात, तेव्हा कुठे जातो हा हिशेब?

ताककण्या: मला वेगळंच खटकतं. देणगी आटली की शाळा बंद. त्यावर शिकागोत क्रिस्तो रे शाळेनं १९९६ मध्ये शक्कल काढली: ऑफिसातली एक नोकरी चार मुलांत वाटायची, प्रत्येकाला महिन्यात साधारण पाच दिवस काम, पगार शाळेच्या खर्चाला. हुशारी आहेच. पण श्रीमंताच्या पोराला शिकण्यासाठी असं राबावं लागत नाही. (तिथली मुलं ऑफिसातली वागणूक शिकतात, हेही खरं. माझं मत अजून डळमळतंय.)

खडूफळा: व्हाउचरनं, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकारनं दिलेल्या पैशानं, देणगीची चिंता मिटते, पण मग पैसा जनतेचा. मिलवॉकीत ते १९९० पासून आहे; क्लीव्हलँडची योजना २००२ मध्ये सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ मतांनी टिकली. सरकारी शाळेच्या वर्गातली तीन मुलं गेली की त्यांच्यामागचा पैसा जातो. शिक्षक, बस, इमारतीचा खर्च मात्र तेवढाच राहतो.

शिंपला: खर्चाचा मुद्दा मान्य. सोडून गेलेल्यांचा आकडाही शाळेनं दारावर लावावा. आणि मिलवॉकीत जागा कमी पडल्या की सोडत काढतात; मुलाखती बंद करून सगळ्यांनीच तसं करावं.

खडूफळा: काढा सोडत. नंबर लागलेली आणि न लागलेली, दोन्हीकडची मुलं चार वर्षांनी शेजारीशेजारी ठेवून बघू. धडपडे पालक तर दोन्हीकडे असतील. तेव्हा उरेल तो फरक शाळेचा, तो मी मानेन.