मदत हवी आहे: कच्चं खाणारा कुत्रा कलेजीशिवाय वाटीकडे बघत नाही

आमचा बंड्या देशी आहे. वय चार, नसबंदी झालेली, वजन १८ किलो. आधी भात-चिकन खायचा. गेल्या दिवाळीनंतर नवऱ्याच्या डोक्यात कच्च्या आहाराचं खूळ शिरलं आणि आमच्या फ्रीझरमधून आइस्क्रीम हद्दपार झालं. हिशोब नेहमीचाच: वजनाच्या अडीच टक्के म्हणजे रोज ४५० ग्रॅम, त्यात ८० टक्के मांस, १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी, ५ टक्के गुर्दा वगैरे. म्हशीचं मांस, कोंबडीच्या माना, आणि रविवारी खाटकाकडची मटणाची नळी. ती तर अशी फोडायचा की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायच्या, घरात काही काम चाललंय का?

पहिले पाच महिने वाटी धुवायची गरज नसायची. पण दोन महिन्यांपासून साहेबांचे नखरे सुरू झालेत. म्हशीचे तुकडे हुंगतो, एखादा तोंडात घेतो आणि जमिनीवर टाकतो. मान दिली की बाल्कनीत नेऊन कढीपत्त्याच्या कुंडीत पुरतो. (मुंग्यांच्या रांगेवरून कळलं.) म्हणून मी वरून थोडी कलेजी चिरून घालायला लागले. आधी २० ग्रॅम, मग ५०, आता जवळजवळ १०० ग्रॅम जाते आणि शी पातळ, काळपट होते. खिमा करून दिला तर खातो. बारीक तुकडे हातातून भरवले तरी खातो, पण ऑफिसच्या आधी अर्धा तास फरशीवर बसून कुत्र्याला घास भरवणं मला परवडत नाही.

नवरा म्हणतो, राहू दे उपाशी, भूक लागली की खाईल. दीड दिवस ठेवलं. सकाळी पिवळा फेस ओकला. मीच रडवेली झाले आणि कलेजी दिली.

किती दिवस उपाशी ठेवायचं? एवढी कलेजी चालते का? की सरळ भात-चिकनवर परत जाऊ?

*

कोकणी_बोका: रोज १०० ग्रॅम अजिबात नको. तुमच्याच हिशोबाने ५ टक्के म्हणजे २२-२३ ग्रॅम होतात. कलेजीत अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते शरीरात साठत जातं. महिनोन्‌महिने जास्त गेलं तर मान आणि मणके आखडू शकतात. आणि बकऱ्याची कलेजी, फुफ्फुस कच्चं देत असाल तर आजच थांबवा. त्यात हायडॅटिडच्या, म्हणजे पट्टकृमीच्या अळ्या असलेल्या, गाठी असू शकतात. त्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी होतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर आपल्या यकृतात तशाच गाठी. उकडून द्या, त्याला काही फरक पडत नाही.

तीन_कुत्र्यांची_आई: ताई, नखऱ्यांचं नंतर बघू. तुमचंच लिहिलेलं परत वाचा. कलेजी खातो, खिमा खातो, बारीक तुकडे खातो. मोठा तुकडा तोंडात घेऊन टाकतो, हाड पुरून ठेवतो. म्हणजे मऊ ते सगळं चालतं, चावावं लागेल ते नको. हट्टी कुत्रा हातातूनही निवडून खातो. मला हे दाताचं वाटतंय. वरचा ओठ बाजूला करून मागची मोठी दाढ बघा, दोन्हीकडची. आणि नळी बंद! वजन पेलणारं हाड इतकं कठीण असतं की दाढेची कपचीच उडते. माझ्या मधल्याचं असंच झालं होतं. तोवर उपाशी ठेवू नका, खिमाच द्या.

भाऊ_पाटील: आमच्याकडे शिळी भाकरी आणि ताक. पंधरा वर्षं जगला.

तीन_कुत्र्यांची_आई: भाऊ, प्रत्येक धाग्यावर तुमचा तो कुत्रा येतो. 🙂

*

धागाकर्ती: काल रात्री टॉर्च लावून बघितलं. उजवीकडे वरच्या मोठ्या दाढेचा बाहेरचा पापुद्रा गेलाय, मध्ये लालसर ठिपका दिसतो. डावीकडचे दात पिवळट असले तरी धड आहेत. उजवीकडे मात्र किटण जाड बसलंय, म्हणजे त्या बाजूने चावणं त्याने केव्हाच सोडलंय. आणि मी त्याला दोन महिने नखरेल म्हणत होते.

आज डॉक्टरांकडे नेलं. दाढ तुटून आतली नस उघडी पडलीय म्हणाले. शुक्रवारी भूल देऊन एक्स-रे काढणार, बहुतेक दाढ काढावीच लागेल. कच्च्या मांसाबद्दलही बोलणी खाल्ली. घरात सासूबाई आहेत, सत्त्याहत्तर वर्षांच्या, आणि तीच सुरी, तोच ओटा. साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जंतुसंसर्ग, कुत्र्याला न होता त्याच्या वाटीतून आणि शीतून घरच्यांना होऊ शकतो म्हणाले. नवरा गप्प बसून ऐकत होता, ते बघायला बरं वाटलं.

कलेजी आता २० ग्रॅम, उकडलेली. जेवण म्हणजे शिजवलेला खिमा, थोडा भात, भोपळा. आज वाटी चाटूनपुसून. पण शिजवलेलं हाड देता येत नाही, मग कॅल्शियम कुठून आणायचं? अंड्याच्या कवचाची पूड कुणी देतं का, आणि १८ किलोच्या कुत्र्याला किती? शुक्रवारी डॉक्टरांना विचारेनच, तोवर अनुभव असेल तर लिहा.