अनुभव धागा : बेसबॉलमधले सोबती, जागेची चुरस आणि कारकीर्द

उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, मेजर लीगमध्ये, मोसमाला १६२ सामने आणि संघात २६ जागा. ज्याच्याशी जागेसाठी चुरस, त्याच्याच शेजारी डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या बाकांवर) सहा महिने बसायचं आणि मैदानात त्याच्याच फेकीवर विसंबायचं. हे प्रत्यक्षात कसं जमवतात? ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी तपशिलात लिहा : काय करायचं, कुठे बिघडतं, का बिघडतं.

कॅचरकाका

सगळं पिचर (चेंडू टाकणारा) आणि कॅचर (बॅटरमागे बसून तो झेलणारा) यांच्या जोडीवर येऊन थांबतं, म्हणून तिथूनच सुरू करतो. सामन्याआधी बुलपेनमध्ये (पिचरांच्या सरावाच्या जागेत) पिचर अंग गरम करतो, तेव्हा कॅचरने फक्त चेंडू झेलत बसायचं नाही. आज स्लायडर (आडवा वळणारा चेंडू) खरंच वळतोय की नुसताच गरगरतोय, फास्टबॉल सांगितल्या जागी पडतोय का, हे तेव्हाच ताडायचं. जो चेंडू आज हातात बसलेला नाही तो पहिल्या दोन इनिंगमध्ये अडचणीच्या वेळी मागू नये.

२०२३ पासून चेंडू टाकायला वेळेचं बंधन घालणारं घड्याळ आलं. बेस (धावताना गाठायचे टप्पे) रिकामे असतील तर पिचरला १५ सेकंद. रनर (बेसवर पोचलेला धावणारा) असेल तर आधी २०, आणि २०२४ पासून १८. कोणता चेंडू टाकायचा याची कॅचरची खूण आता बहुतेक ठिकाणी बटणांच्या यंत्रावरून पिचरच्या टोपीतल्या स्पीकरमध्ये जाते. तरीही गफलत होते. कॅचर बाहेरच्या स्लायडरसाठी सरकलेला असतो आणि ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल आत येतो. मग अंगठा तरी दुखावतो, नाहीतर चेंडू मागे जाऊन रनर पुढचा बेस गाठतो. शंका आली की आधीच माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) जाऊन विचारून घ्यावं. पण या भेटीही मोजून मिळतात, म्हणून त्या शेवटच्या इनिंगसाठी राखायच्या.

जमिनीवर टप्पा घेणारा चेंडू झेलू नका, अडवा. दोन्ही गुडघे खाली, मिट (कॅचरचा हातमोजा) पायांच्या मधली फट बुजवायला, हनुवटी छातीला, खांदे पुढे झुकलेले. चेंडू अंगावर आपटून समोरच पडला पाहिजे. हे येत नसेल तर तिसऱ्या बेसवर रनर असताना पिचर खाली पडणारा चेंडू टाकायला कचरतो. तो चेंडू वर ठेवतो आणि मार खातो. स्कोअरबुकात दोष पिचरच्या नावावर लागतो. कॅचरचं काम न दिसणारं आहे ते असं.

दुसरा बेस

काकांच्या म्हणण्याला इनफिल्डची (बेसभोवतालच्या क्षेत्ररक्षणाची) जोड देते. डबल प्लेमध्ये (एकाच फटक्यावर दोघांना बाद करताना) शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) चेंडू सोबत्याच्या छातीच्या उंचीवर द्यायचा. जवळून असेल तर खालून, मनगट ताठ ठेवून, आणि चेंडू ग्लोव्हमधून आधीच बाहेर काढून; ग्लोव्हआडून अचानक आलेला चेंडू दिसतच नाही. फेक गुडघ्याशी आली की घेणारा वाकतो आणि पहिल्या बेसवरचा गडी निसटतो. उजव्या हाताचा सर्वसाधारण बॅटर होम प्लेटपासून तिथे साधारण ४.३ सेकंदांत पोचतो, एवढीच काय ती मुदत.

रनर फटक्याची वाट न पाहता पुढचा बेस चोरायला निघाला तर दुसऱ्या बेसवर शॉर्टस्टॉप धावणार की दुसऱ्या बेसचा खेळाडू, हे दोघे दर चेंडूआधी ठरवतात. तोंडासमोर ग्लोव्ह धरून तोंड मिटलेलं दाखवलं तर ‘मी’, उघडं दाखवलं तर ‘तू’. हे चुकलं की दोघे धावतात आणि मोकळ्या पडलेल्या जागेतून साधा फटकाही आरपार जातो.

बुलपेन

रिलीव्हरला (मध्येच आणल्या जाणाऱ्या बदली पिचरला) उठवून गरम करायचं, खाली बसवायचं, पुन्हा उठवायचं. हे फेकलेल्या चेंडूंच्या आकड्यात दिसत नाही, पण खांद्याला कळतं. प्रशिक्षकाने ‘किती वेळा उठवला’ याचीही वेगळी नोंद ठेवावी. २०२० पासूनच्या नियमाने, मैदानात आलेल्या पिचरला किमान तीन बॅटर, किंवा इनिंग संपेपर्यंत, थांबावंच लागतं. त्यामुळे एकाच बॅटरपुरत्या आणल्या जाणाऱ्या डावखुऱ्यांच्या कारकिर्दी आटोपल्या.

करारवाचक

जागेची खरी चुरस कागदावर चालते. २६ जणांहून मोठ्या अशा ४० जणांच्या यादीतल्या खेळाडूला साधारण तीन मोसम खाली, म्हणजे मायनर लीगमध्ये, पाठवता येतं, आणि २०२२ पासून एका मोसमात पाचदाच. खाली गेलेला पिचर १५ दिवस, इतर खेळाडू १० दिवस परत बोलावता येत नाही. वरचा कुणी जखमी झाला तरच सवलत. म्हणून ज्याचे ‘ऑप्शन’ (असे खाली पाठवायचे मोसम) संपलेत तो फॉर्मात नसतानाही वर राहतो आणि चांगला खेळणारा तरुण खाली जातो. त्याचा राग सोबत्यावर काढू नये. १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष; तीन वर्षांनी पगारासाठी लवादाचा हक्क, सहा वर्षांनी हव्या त्या संघाशी करार करायची मोकळीक. २०२३ च्या करारात ट्रिपल-ए चा (मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीचा) किमान वार्षिक पगार ३५,८०० डॉलर ठरला.

भारतातून गेलेले रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे) आणि दिनेश पटेल भालाफेकीतून आले होते. पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग संघाने २००८ मध्ये त्यांना करारबद्ध केलं. जोरदार हात असला की वेग लवकर येतो. रनरला बेसजवळ रोखून धरणं, बंट (बॅटने हलकेच टेकवलेला चेंडू) उचलून कुठे फेकायचा ते क्षणात ठरवणं, बॉल-स्ट्राइकच्या मोजणीत मागे पडल्यावर फास्टबॉलऐवजी दुसरा चेंडू स्ट्राइक (वैध पट्ट्यात) टाकणं, याला मात्र लहानपणापासूनचे हजारो चेंडू लागतात. इथल्या मुलांना शिकवणाऱ्यांनी वेग मोजायच्या यंत्राआधी या तीन गोष्टींना वेळ द्यावा.

कॅचरकाका

त्यात चौथी जोडा : पहिल्या बेसकडे जाणाऱ्या फटक्यावर पिचरने लगेच धावत जाऊन तो बेस सांभाळणं. आधी फाउल रेषेकडे (मैदानाच्या कडेच्या सीमारेषेकडे), मग रेषेला समांतर, आणि पाय बेसच्या आतल्या कडेला. सरळ बेसवर धावला तर रनरशी टक्कर ठरलेली.