‘कंपूशाही’ म्हणायचं की ‘गटबाजी’?

प्रश्न (लेखणी_०७): एका संस्थेत चार-पाच जणच सगळं ठरवतात, नव्यांना जवळ येऊ देत नाहीत. लेखात कोणता शब्द वापरू?

शब्दवेडी: कंपूशाही. गटबाजीला किमान दोन गट लागतात, आणि सत्तेसाठी त्यांच्यात ओढाताण: ‘तिकीटवाटपावरून पक्षात गटबाजी उफाळली.’ कंपू मात्र एकच असला तरी पुरतो. दार आतून लावलेलं असणं ही त्याची खूण. निमंत्रितांत दरवर्षी तीच नावं, एकमेकांच्या पुस्तकांची परीक्षणं आपसांतच, की झाली कंपूशाही. शब्द मुळात लष्करी आहे. महादजी शिंद्यांसाठी द बॉयन या युरोपीय सेनानीने उभारलेल्या कवायती फौजेच्या तुकड्यांना कंपू म्हणत. गंमत बघा, छावणीतला शब्द साहित्य-वर्तुळात येऊन बसला!

जुना_मुद्रितशोधक: नुसता ‘कंपू’ लिहाल तर टीका पोचेलच असं नाही. ‘आमचा कॉलेजचा कंपू माथेरानला निघालाय’ यात निव्वळ जिव्हाळा आहे. दोष येतो तो ‘शाही’ किंवा ‘बाजी’ने. बाजी म्हणजे कंपू करण्याची खोड, शाही म्हणजे त्या कंपूचा कारभार. तुमच्या वाक्यात निर्णय त्यांच्या हाती आहेत, म्हणून शाहीच. आणि ‘कंपु’ नको. शेवटचा ऊ दीर्घ, ‘कंपूत’, ‘कंपूला’ लिहितानाही.

रेवती_क: एक जपा. जात किंवा लिंग बघून प्रवेश नाकारला जात असेल तर ‘कंपूशाही’ फार सौम्य पडेल. तिथे सरळ ‘भेदभाव’ लिहा.